गोल सही

शारजातला सचिन आमच्या कपाटाच्या दाराला आतून बावीस वर्षं चिकटून होता. 1998 च्या एप्रिलमध्ये त्याने तिथे दोन सामन्यांत 143 आणि 134 केले, त्यानंतर मिळालेलं ते पोस्टर. मी ते फेविकॉलने लावलं होतं. प्रेमच तसं होतं. 3 फेब्रुवारी 2021 च्या रात्री मी ते ओढून काढलं. सचिन अख्खा निघाला, पण त्याच्याबरोबर प्लायचा वीतभर पापुद्राही आला.

"आता तिथं काय लावणार?" बायको म्हणाली. "तुमचा फोटो?"

कारण तुम्हाला आठवत असेल. शेतकरी कृषी कायद्यांविरोधात दिल्लीच्या वेशीवर थंडीत बसले होते. रिहाना नावाच्या परदेशी गायिकेने त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सचिनने ट्वीट केलं. बाहेरच्यांनी प्रेक्षक राहावं, खेळात उतरू नये, आपण सारे एकजूट राहू या, असा त्याचा अर्थ. शेतकऱ्यांच्या मागण्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मग शरद पवारांनी त्याला सल्ला दिला की, दुसऱ्या क्षेत्राविषयी बोलताना जपून बोलावं. हे पवारांनीच सांगायला हवं होतं. कृषिमंत्री असतानाच ते क्रिकेट मंडळाचेही अध्यक्ष होते. कांदा आणि क्रिकेट या दोन्हींवर अधिकाराने बोलू शकेल असा महाराष्ट्रात तो एकच माणूस.

मी बोलतो ते बिनअधिकाराने, पण नाशिकचा आहे म्हणून बोलतो. त्याआधी 21 डिसेंबर 2020 ला आमच्या गोल्फ क्लब मैदानावरून शेतकऱ्यांचा वाहन मोर्चा दिल्लीला निघाला होता. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली तीही 1909 च्या 21 डिसेंबरलाच. याच मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात आणि मी तिथे शेंगा खात दिवसचे दिवस काढलेत. त्या दिवशी लाल झेंडे बघून मला भरून आलं. मी स्कूटर हळू केली आणि अंगठा उंचावून पाठिंबा दिला. तोंडाला मास्क होता, डोक्यावर हेल्मेट. ओळख पटण्याचा प्रश्न नव्हता.

तर त्या ट्वीटनंतरच्या रविवारी मिसळीच्या टेबलावर मी सचिनचा हिशोब मांडला. "त्याला कशाची भीती? कोट्यवधी रुपये आहेत. भारतरत्न आहे. राज्यसभा झाली. महंमद अली बघा! 1967 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला, किताब गेला, ऐन उमेदीची तीन वर्षं रिंगणाबाहेर काढली, पण वाकला नाही." रस्सा थंड झाला, पण मी काही थांबलो नाही. समोर निफाडहून आलेला माझा आतेभाऊ, नाना, पाव मोडत बसला होता. कांदा पिकवणारा तिथे तो एकटाच, आणि गप्प बसलेलाही एकटाच.

"झालं तुझं?" शेवटी तो म्हणाला. "सप्टेंबरात निर्यातबंदी आली तवा माझ्या चाळीत दोनशे क्विंटल उन्हाळ कांदा व्हता. लोक रस्ता अडवायला गेले. मी नाय गेलो. चाळ रिकामी असली का मी पहिला जाऊन बसतो. भरलेली असली का व्यापाऱ्याला शेठ म्हणतो. त्याची चाळ केवढी असंल, बघ की." आणि मग, पापड माझ्याकडे सरकवत, "आन् तू म्हणत व्हता त्यानं बोलावं. बोलला की तो. तुला पायजे ते नाय बोलला, एवढंच."

मी विषय बदलून दह्याकडे नेला.

पुढच्याच महिन्यात देवाने मला फलंदाजीला बोलावलं. मी एका संस्थेत हेडक्लार्क आहे. टाळेबंदीत आमच्याकडे सगळ्यांचे पगार अर्धे झाले होते. जानेवारीत आम्हा टेबलवाल्यांचे पूर्ववत झाले, पण सहा शिपाई आणि सफाईवाल्या मावशी यांचे अर्ध्यावरच राहिले. अर्ज करायचं ठरलं आणि तो लिहायचं काम, मिसळीच्या भाषणाची कीर्ती पोहोचल्यामुळे, माझ्याकडे आलं. मी साडेतीन पानं लिहिली. दुसऱ्या पानावर महंमद अली आणला. शिपायांच्या पगाराच्या अर्जात व्हिएतनाम कसं आलं हे आज मलाही सांगता येत नाही, पण त्या रात्री ते अपरिहार्य वाटलं होतं.

सह्यांची वेळ आली तेव्हा मीच सुचवलं की नावं एकाखाली एक नकोत, वर्तुळात करू या. पहिली सही कोणाची ते कळता कामा नये. गोल छान जमला. वाटीभोवती पेन्सिल फिरवून मीच काढला होता. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी तेवढी राहिली, कारण ऐन वेळी मला पोस्टात जायचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं. अर्ज पुढ्यात होता.

"हे अक्षर कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

पाहिलं असणारच. संस्थेच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर नावं मी घालतो आणि फळ्यावरचा रोजचा सुविचारही माझ्याच हातचा असतो. त्या दिवशीचा होता, 'निर्भय बना'.

"माझ्यासारखंच दिसतंय खरं, सर," मी म्हणालो.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. अर्ध्या पगाराच्या त्या माणसाने माझ्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली. वकिलाची सोय करावी तशी. "तुमचं स्वतःचं मत काय?" अध्यक्षांनी विचारलं. मी बिस्किट चहात बुडवलं. ते बुडालं ते वर आलंच नाही. कपाच्या तळाकडे बघत मी म्हणालो, "दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात, सर."

संध्याकाळी ऑफिसच्या गटावर मी खुलासा टाकला: संस्था हे एक कुटुंब आहे, घरातले प्रश्न आपण घरातच सोडवू, बाहेरच्या कोणी लक्ष घालू नये, सर्वांनी एकजुटीने राहू या. पाठवल्यावर वाचलं आणि कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. अकाउंट्सच्या पोराचं उत्तर मिनिटात आलं, "नमस्कार, सचिनसर." ऑफिसात माझं तेच नाव पडलं आहे.

पगाराचं पुढे मावशींनीच पाहिलं. अध्यक्ष गाडीत बसत असताना त्या झाडू हातात घेऊन दारापाशी उभ्या राहिल्या आणि "साहेब, आमचं कवा?" एवढंच म्हणाल्या. जूनपासून पगार पूर्ण झाले. मागची बाकी मात्र नाही मिळाली.

2023 मध्ये महिला कुस्तीगिरांच्या आंदोलनावर सचिन गप्प का, असा फलक त्याच्या वांद्र्याच्या घराबाहेर लागला, तेव्हा मिसळीच्या टेबलावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिसळ खाल्ली. 2024 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत, दिल्ली राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला कांस्य आणणाऱ्या, उघड म्हणाल्या की आदिवासी आहे म्हणून सरकारी नोकरीत मला डावललं. त्यांची चाळ काही फार भरलेली नव्हती. त्यांचं पोस्टर मी कधी लावलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

सचिन पुन्हा दारावर गेला आहे, सेलोटेपने, जरा तिरका. पापुद्रा झाकला जातो. आणि संस्थेचं नाव कृपया विचारू नका. घरकर्जाचे अजून 43 हप्ते बाकी आहेत.