पगाराची आणेवारी

"काय वं सूनबाई, पोट्टी बारावी पास झाली, पेढा भेटला. पण पुढं काय करून राह्यली ते काही सांगितलं नाही तू!"

"काय सांगू मावशी, नर्सिंगचं डोक्यात घेतलं तिनं. आर्ट्सची हाये ना, म्हणून बीएस्सी होत नाही. मंग एएनएम नाहीतर जीएनएम. काल एक माणूस येऊन गेला, रंगीत कागद घेऊन. जीएनएम करा म्हणे, वर्षाचे एक लाख, कर्जाचं आम्हीच पाहून घेतो, अन् पास झाली का पस्तीस हजार पगार!"

आर्णीतल्या त्या गल्लीत दोन घरांच्या मधात तारेचं कुंपण हाये ते फक्त बकऱ्यांसाठी. मावशी झरीकडच्या उपकेंद्रात एएनएम होत्या, आता पेन्शनीत. गल्लीत कोणाच्या घरी नर्सिंगचा विषय निघाला, की तो या तारेपाशी येतोच.

"खोटं नाही बोलला तो, अर्धं बोलला. सातव्या आयोगात सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होते. जिल्हा परिषदेतल्या एएनएमचं २५,५०० पासून. पण जागा निघाली पाह्यजे, परीक्षेत नंबर लागला पाह्यजे, अन् स्टाफ नर्सच्या त्याच परीक्षेले बीएस्सीवाल्याही बसतात. आरोग्य अभियानात कंत्राटी लागली, तर एएनएमले अठरा हजार, स्टाफ नर्सले वीसच्या आसपास."

"अन् खासगीत?"

"तालुक्याच्या दवाखान्यात नव्या पोरीच्या हातावर आठ-दहा हजार टेकवतात. तिथंच तर गोम हाये. सुप्रीम कोर्टानं २०१६ मधी सांगितलं, खासगी नर्सांच्या पगारासाठी समिती बसवा. समितीनं लिहून देल्लं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही वीस हजारांच्या खाली पगार नको, अन् दोनशेच्या वर खाटा असल्या तर सरकारी इतका द्या."

"मंग?"

"मंग काय, कागद लय चांगला होता."

"पण मावशी, सगळ्याच पोरींले कमी पगार थोडाच भेटते? त्या कोपऱ्यावरच्या मास्तरची पोरगी नाही का लागली पुण्याले..."

"लागली ना. तिच्या खोलीचं भाडं विचारलं का कधी? हे पाय, तुह्या घरचे पेरताना एकरी किती कापूस धरतात?"

"दहा क्विंटल म्हणतात."

"येते किती?"

"चार... बरसलं तर पाच."

"कर्ज दहावर काढायचं अन् फेडायचं चारातून. आपला जिल्हा त्याच्यातच बुडला ना वं बाई! पोरीच्या पगाराचीही आणेवारी काढ. सोळा आण्यांचा पगार कागदावर राहू दे, हिशेब सहा आण्यांवर कर."

"करा मंग तुम्हीच."

"वर्षाला एक लाख, तीन वर्षं. व्याज दहा टक्के धर. शिकताना अन् नंतर एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याज चढतच राह्यते. हप्ता सुरू होईपर्यंत तिनाचे तीन लाख नव्वद हजार होतात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ मधी ८,११० होता. म्हणजे अठ्ठेचाळीस क्विंटल कापूस, तोही हमीभाव भेटला तर! सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याले साडेसहा हजार हप्ता. दहा हजारातून साडेसहा गेले, उरले साडेतीन. त्याच्यात खोली, मेस, घरी यायचं एसटीचं तिकीट."

"अन् एएनएम केलं तर?"

"दोन वर्षं. वर्षाला साठ हजार फी धरली तर व्याज मिळून दीड लाख, हप्ता अडीच हजार. तो दहातूनही निघते."

"पण मंग माही पोरगी जन्मभर एएनएमच राहीन का? मोठ्या दवाखान्यात जीएनएम मागतात म्हणे."

"मागतात. हे तुहं खरं हाये, एएनएमच्या जागा जास्त करून उपकेंद्रातच. पण एएनएम करून नोंदणी झाली का पुढं जीएनएमले जाता येते, अन् जीएनएमवरून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. सरकारीत जीएनएमची जागा भेटली तर डोळे मिटून घे, फी नावाले असते. खासगीत लाखाचीच जागा असली, तर मात्र दहादा विचार कर."

"फीमाफी हाये ना पोरींले?"

"२०२४ पासून हाये. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. पण सरकारी फेरीतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश पाह्यजे. मॅनेजमेंटच्या जागेले ते भेटत नाही. अन् घरी चालून येणारा माणूस कोणती जागा विकत असते, तूच सांग. आपला कोर्स त्या यादीत बसते का, महाडीबीटीवर कोणती शिष्यवृत्ती भेटते, हे कॉलेजात तोंडी नको, लेखी विचारायचं."

"हे म्हणतात, चार लाखांपर्यंत वावर गहाण टाकायचं काम नाही."

"नाही टाकावं लागत. पण सहकर्जदार म्हणून सही कोणाची? तुह्या घरच्यांची. पोरीचा हप्ता थकला का बापाचं सिबिल बिघडते, अन् पुढच्या खरिपाले पीककर्ज मागायले गेले का मॅनेजर कॉम्प्युटरकडं पाहून मान हालवते. अन् माफीची वाट पाहू नको. २०१७ ची असो का २०१९ ची, ती शेतीच्या कर्जाची होती. शिक्षणाचं कर्ज त्याच्यात बसत नाही."

"हे तर आमच्या डोक्यातच आलं नाही."

"अजून एक. गावोगावी सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग'चे कोर्स निघाले. पांढरा ड्रेस देतात, फोटो काढतात. त्याच्यानं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमधी नोंदणी होत नाही, अन् नोंदणी नाही म्हणजे ते नर्सिंगच नाही. कॉलेज कौन्सिलच्या यादीत हाये का ते पाय. जीएनएमचं असलं तर विचार, शंभर खाटांचा दवाखाना कुठं हाये? तिथं जाऊन खाटेवर पेशंट हाये का तेही पाय. अन् मांगच्या वर्षी पास झालेल्या चार पोरींचे नंबर माग. त्याइले एकच विचार, पहिला पगार किती भेटला?"

"नंबर नाही देल्ले तर?"

"तर तुले उत्तर भेटलं."

"पण मावशी, तो माणूस उद्या सकाळीच येऊन राह्यला, सही घ्यायले. पंचवीस हजार भरले नाही तर जागा जाते म्हणे."

"येऊ दे. पाहुणा हाये, चहा पाज, पोहे दे. फक्त घरातले सगळे पेन आज रात्रीच माह्याकडं आणून ठेव."