खून त्याने केला, कारण तुम्ही पुरवलंत

गुन्हेवृत्ताच्या पानावर मथळे देणाऱ्या उपसंपादकांस,



तुमचं नाव मला ठाऊक नाही. बातमीदाराचं नाव छापतात, छायाचित्रकाराचं छापतात, मथळा देणाऱ्याचं छापत नाहीत. म्हणून हे पत्र खुलं लिहिते आहे. ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत ते बरोबर पोचेल.

तुम्हाला मराठी येत नाही, अशी माझी तक्रार नाही. तुम्हाला ती फार चांगली येते. पाच-सहा शब्दांत एका माणसाची बाजू मांडायची आणि आपण बाजू घेतोय याचा वाचणाऱ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आरोपीला वकील मिळण्याआधी तुम्ही मिळता. आणि तुमचा युक्तिवाद न्यायाधीशाच्या आधी आख्खा जिल्हा वाचतो.

एक मथळा घेते: ‘लग्नास नकार दिल्याने तरुणीवर कोयत्याने वार’. हा कुणा एका वृत्तपत्राचा नाही. गाव आणि हत्यार बदलून तो सगळीकडे छापून येतो. आता तो हळू वाचा. सुरुवातीलाच काय आहे? नकार. म्हणजे घटनेची सुरुवात तिने केली. मग ‘दिल्याने’. त्या एका ‘ने’ने नकाराला कारण करून टाकलं आणि कोयत्याला परिणाम. मग तरुणी, मग कोयता, मग वार. ज्याने वार केले तो कुठे आहे? मथळ्यात तो नाहीच. कोयता जणू आपोआप उठला. संपूर्ण वाक्यात काहीतरी केलं असं एकाच व्यक्तीबद्दल म्हटलंय, आणि ती म्हणजे जखमी होऊन दवाखान्यात पडलेली मुलगी. तिने नकार दिला.

मी शाळेत मराठी शिकवते. दहावीला बातमीलेखन असतं. या जातीचं एक कात्रण मी वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, काय झालंय या बातमीत? पहिल्याच बाकावरच्या मुलाने उत्तर दिलं, “बाई, तिने नाही म्हटलं.” बरोबर उत्तर होतं. तुमचं वाक्य त्याला जे सांगत होतं तेच त्याने सांगितलं. मागून एका मुलीने विचारलं, “मग काय, हो म्हणायचं होतं का?” वर्गात कुणी हसलं नाही. मला तिथेच कळलं की तुमचं पान पंधरा वर्षांची मुलं वाचतात आणि त्यातून शिकतात. मुलगा शिकतो, राग येण्याचं कारण काय असू शकतं. मुलगी शिकते, कशाची किंमत मोजावी लागते.

आता याच घडणीचा दुसरा मथळा बघा. तोही तुम्हीच देता: ‘खंडणी देण्यास नकार दिल्याने व्यापाऱ्यावर गोळीबार’. इथेही नकार आहे, इथेही ‘दिल्याने’ आहे, इथेही गोळी झाडणारा गायब आहे. तरी हे वाचून एकाही वाचकाला वाटत नाही की व्यापाऱ्याचं चुकलं. कारण तुम्ही आधीच ‘खंडणी’ म्हणालात. मागणाराच गुन्हेगार, हे त्या शब्दात ठरून गेलं, आणि व्यापाऱ्याचा नकार हिमतीचा झाला. तरुणीच्या बातमीत हे का होत नाही? कारण तिथे जी मागणी होती तिला तुम्ही ‘लग्न’ म्हणता, ‘प्रेम’ म्हणता. महिनोन्‌महिने मागे मागे फिरणं, कॉलेजच्या फाटकाशी उभं राहणं, नंबर बदलला तरी फोन करणं, भावाला धमकावणं, ही सगळी खंडणीचीच रीत आहे. २०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर फौजदारी कायदा बदलला आणि पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला, भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड. नव्या न्याय संहितेत तो कलम ७८ आहे. कायद्याने नाव देऊन दशक उलटलं. तुमच्या मथळ्यात अजून ‘एकतर्फी प्रेमातून’च चाललंय.

हिंगणघाट आठवा. ३ फेब्रुवारी २०२०. कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात ती गेली. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. तिला पेटवल्यापासून ती जाईपर्यंतच्या आठ दिवसांत सगळा महाराष्ट्र हळहळला, मोर्चे निघाले, आणि बातम्यांत शब्द होते ‘एकतर्फी प्रेमातून’. जिवंत माणसाला जाळण्याच्या कृत्याशी तुम्ही ‘प्रेम’ जोडलंत. एकतर्फी म्हटलं की करणारा बिचारा होतो. त्याला प्रतिसाद मिळाला नाही, तो झुरला, शेवटी त्याचा तोल गेला, एवढी कथा त्या दोन शब्दांत बसते. मग आत मजकुरात ती कथा फुलवायला तुमच्याकडे ठेवणीतली वाक्यं असतात. ‘ती गेल्या काही दिवसांपासून त्याला टाळत होती.’ ‘त्यातूनच त्याने टोकाचं पाऊल उचललं.’ टोकाचं पाऊल म्हणजे काय, तर दुसऱ्याचा जीव घेणं.

‘रागाच्या भरात’ हे तुमचं आणखी एक आवडतं. ते तुम्ही किती सहज वापरता, आणि न्यायालयात ते सिद्ध करायला काय लागतं, हे सांगण्यासाठी मुंबईचाच एक जुना खटला पुरे आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा मित्र प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू अशी काही लावून धरली की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. गणवेशातला देखणा, देशसेवक, फसवला गेलेला नवरा एकीकडे आणि श्रीमंत, रंगेल आहुजा दुसरीकडे. मेलेल्याचं चारित्र्य अंकामागून अंक सोललं गेलं. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं.

तो निकाल न्यायाधीशांना पटला नाही. त्यांनी खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने काय पाहिलं? घड्याळ पाहिलं. पत्नीने आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यानंतर नानावटी बायकामुलांना सिनेमाला सोडून आले, जहाजावर गेले, रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली, आहुजाच्या कचेरीत गेले, तो तिथे नाही म्हणून त्याच्या घरी गेले. दीडच्या सुमारास घर सोडलं होतं, गोळ्या झाडल्या चार-वीसला. मधल्या वेळात माणसाला भानावर यायला पुरेसा अवधी होता, असं न्यायालय म्हणालं. गंभीर आणि आकस्मिक चिथावणी सिद्ध झाली असती तर गुन्ह्याचं स्वरूपच सौम्य झालं असतं. त्यासाठी तास-मिनिटं मोजली गेली, साक्षी झाल्या, तीन पायऱ्यांवर वाद झाला आणि तरी ती मान्य झाली नाही. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली ती गोष्ट वेगळी. तुम्ही मात्र ‘रागाच्या भरात’ लिहून ती सवलत रोज रात्री देऊन टाकता. ज्याने आदल्या दिवशी बाजारातून कोयता आणला त्यालाही देता.

हे कारण तुम्हाला मिळतं कुठून? ‘पोलिसांच्या प्राथमिक चौकशीत आरोपीने सांगितले की’ इथून. आता कायदा काय म्हणतो ते ऐका. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, आता २०२३ च्या साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. कोठडीत कोण काय बोलेल आणि कागदावर काय उतरेल याचा भरवसा नाही, म्हणून ही तरतूद आहे. जे शब्द न्यायालय त्याच्या विरोधात ऐकून घेत नाही ते तुम्ही त्याच्या बाजूने मथळ्यात घेता. तिच्या बाजूचं सांगायला ती नाही. तिचे आईवडील शवागाराबाहेर बसलेले आहेत. त्यांना त्या संध्याकाळी कुणी काही विचारलेलं नसतं. एका बाजूचं म्हणणं तुम्ही छापलंत, आणि ती बाजू मारणाऱ्याची आहे.

याहून वाईट मथळा म्हणजे ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’. संशय कुणाचा ते लिहिलेलं नाही. खून कुणी केला तेही नाही. लिहिलंय ते फक्त तिच्या चारित्र्याबद्दल. तिची मुलं त्या गावात शाळेत जाणार आहेत. नवऱ्याने केला आरोप, त्याला पुरावा शून्य, आणि तो तुम्ही तिच्या मृत्यूच्या बातमीत सगळ्यात वर लावलात. हेच उलट घडलं, बायकोने नवऱ्याला मारलं, की तुमच्या व्याकरणाला जाग येते. मग कर्ता ठळक असतो: ‘पत्नीनेच काढला पतीचा काटा’. तो ‘च’ तुम्ही नवऱ्याला कधी लावलेला मी पाहिला नाही. बायकोने मारणं ही तुमच्या लेखी नवलाची गोष्ट, म्हणून ‘च’. नवऱ्याने मारणं ही रीतच, म्हणून कर्तासुद्धा नको.

जागा कमी असते, रात्री पान सोडायची घाई असते, तालुक्याचा वार्ताहर ठाण्यातून आलेलाच मजकूर पाठवतो, हे सगळं मला माहीत आहे. पण ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’पेक्षा ‘पतीने केला पत्नीचा खून’ हा मथळा लहान आहे. जागेची सबब इथे लागू पडत नाही. गुन्ह्यांच्या राष्ट्रीय आकडेवारीतही खुनाच्या हेतूंमध्ये ‘प्रेमप्रकरण’ असा रकाना आहे, हे तुम्ही म्हणाल. असेल. ती सरकारी तक्त्याची सोय आहे. तुम्ही तक्ता भरत नाही, लोकांना झालेली घटना सांगता. संकेतस्थळावरच्या ‘धक्कादायक!’ आणि ‘पुढे जे घडलं ते’बद्दल मी काही लिहीत नाही. तो धंदा उघड आहे, वाचणाऱ्यालाही कळतो. मला भीती वाटते ती तुमच्या साध्या, गंभीर, छापील वाक्याची, कारण त्यावर लोक विश्वास ठेवतात.

शब्दांवरून एवढा गदारोळ कशाला, असं वाटत असेल तर १९७९ चं एक पत्र आठवून बघा. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी निकालातल्या अनुमानांना आणि शब्दांना प्रश्न विचारले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, हे अनुमान आलं कुठून? घाबरून गप्प राहणं आणि राजी असणं यांत फरक नाही का? देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. सर्वोच्च न्यायालयाच्या वाक्यरचनेला प्रश्न विचारता येत असेल, तर तुमच्याही विचारता येतो.

मागणं फार नाही. ज्याने केलं त्याला वाक्यात आणा. दोष सिद्ध व्हायचा असेल तर ‘आरोपी’ म्हणा, ‘संशयित’ म्हणा, पण आणा. आरोपीने सांगितलेलं कारण मथळ्यात घेऊ नका. आत घ्यायचं तर ते त्याचं म्हणणं आहे हे लिहा, आणि तिच्या घरचं म्हणणंही विचारून घ्या. तिने आधी पोलिसांत तक्रार केली होती का, केली असेल तर त्या तक्रारीचं ठाण्यात काय झालं, हे पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. तुमचा बातमीदार त्याच ठाण्यात बसलेला असतो, त्याला समोरच विचारता येईल. ‘लग्नास नकार दिल्याने तरुणीवर वार’ याऐवजी ‘पाठलागाची तक्रार पडून, आरोपीचे तरुणीवर वार’ असं लिहून बघा. लगेच फोन ठाणेदाराला जातील, तिच्या आईला नाही. आणि खटल्याचा निकाल लागेल तेव्हा तो जिथे खून छापला होतात त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापा.

पुढच्या महिन्यात नव्या तुकडीला मी पुन्हा बातमीलेखन शिकवणार आहे. कात्रणं तुमच्याच पानावरची घेईन.

आपली,
एक वर्गणीदार शिक्षिका