त्रेसष्ट किलोंचे राखणदार

पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला जुन्या बंगल्यांच्या ज्या थोड्याफार सोसायट्या बिल्डरांच्या नजरेतून अजून सुटल्या आहेत, त्यांतल्या प्रत्येकीत एक फाटककाका असतात. आडनाव काहीही असो. सरकारी खात्यातून निवृत्त, मुलगा परदेशात, गुडघे शाबूत, बंगल्यापुढे बाग आणि बागेला लोखंडी फाटक, एवढं साहित्य पुरतं. विरजण लागतं ते फक्त शेजारच्या एका चोरीचं.

आमच्या काकांना ते मे महिन्यात लागलं. मागच्या गल्लीतलं एक कुटुंब कोकणात गेलं. परत आलं तेव्हा घर जागेवर, कुंड्या जागेवर, वाळत घातलेला पंचासुद्धा जागेवर; फाटक तेवढं नव्हतं. शेजाऱ्यांना वाटलं होतं, रंगवायला नेलं असेल. घरमालक सारखे एकच वाक्य म्हणत होते, "अहो, पण कुलूप लावलं होतं!" कुलूप लावलेलंच होतं. चोराने कुलूप लावलेलं फाटक नेलं.

त्या दिवसापासून काकांचं दुसरं करिअर सुरू झालं. पहिल्यात ते पाटबंधारे खात्यात होते आणि त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. दुसऱ्याबद्दल बोलायचे थांबत नाहीत.

"फाटक कुलपावर उभं नसतं, बिजागरीवर उभं असतं," हे त्यांचं पहिलं सूत्र, आणि ते अगदी बरोबर आहे. खांबात दोन खुंट्या गाडलेल्या असतात, दोघींची तोंडं वर. त्यांवर फाटकाच्या नळ्या नुसत्या बसवलेल्या. दोघांनी दोन बाजूंनी धरून वर उचललं की फाटक हातात येतं. करवत नको, हातोडी नको, आवाज नको. उपाय साधा आहे. वरची खुंटी उलटी, म्हणजे तोंड खाली करून बसवायची. मग फाटक कितीही उचला, वरची खुंटी त्याला सोडत नाही. नाहीतर खालच्या खुंटीच्या डोक्यावर एक जाड वॉशर वेल्ड करून टाकायचा.

हे सांगून लोकांना पटेना. तेव्हा काकांनी प्रात्यक्षिक दाखवलं. एका पहाटे उठून त्यांनी ओळीतल्या चार बंगल्यांची फाटकं एकेक झडप करून उतरवली, शिस्तीत कुंपणाला टेकवून ठेवली आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली : "हे एका ज्येष्ठ नागरिकाने एकट्याने काढले आहे. विचार करा." तीन घरांनी विचार केला. चौथ्या घराने पोलिसांना फोन केला. काकांनी हवालदारसाहेबांना चहा पाजला आणि चौकीचंही फाटक एकदा बघून घ्या म्हणून सुचवलं.

वजन हा त्यांचा खास प्रांत. तुम्ही नवं फाटक केलंत तर लोक म्हणतील, छान आहे. काका खिशातून टेप काढतील. "गज पाच सुती दिसतोय, म्हणजे १६ मिलीमीटर. १६ चा वर्ग २५६, भागिले १६२, मीटरला १.५८ किलो. असे बावीस गज, अधिक चौकट." मग आकाशाकडे बघून आकडा सांगतील. स्वतःच्या फाटकाचं वजन त्यांना तोंडपाठ आहे : ६३ किलो. भंगाराचा भावही पाठ. आमच्याकडे सकाळी कुणी सेन्सेक्स बघतं, कुणी राशिभविष्य बघतं. काका गल्लीतल्या भंगारवाल्याला थांबवून लोखंडाचा दर विचारतात. दर वर गेला की ते धास्तावतात आणि साखळीला दुसरं कुलूप घालतात. उतरला की जरा खट्टू होतात. आपल्या मालमत्तेची किंमत कमी झालेली कुणाला आवडेल?

किलोला २८ रुपये धरले तर १,७६४ रुपये होतात. साखळी, कुलपं, वेल्डिंग आणि कॅमेरा यांवर काकांनी याच्या कितीतरी पट खर्च केला आहे, हे मी एकदा हळूच बोललो. त्यांनी मला त्यांच्या बाजूने उत्तर न देता चोराच्या बाजूने दिलं. "चोर किंमत बघत नाही, वजन बघतो. इंग्लंडात २००५ च्या डिसेंबरात हेन्री मूरचा ब्राँझचा पुतळा क्रेन लावून उचलून नेला. दोन टनांहून जड. किंमत तीस लाख पौंड. पोलिसांचा अंदाज असा की तो वितळवून फार तर दीड हजार पौंडांना गेला!" पाटबंधाऱ्यातल्या माणसाला हेन्री मूर ठाऊक असावा याचं मला कौतुक वाटलं. नंतर कळलं, मूरची दुसरी कुठलीही कलाकृती त्यांना माहीत नाही; चोरीला न गेलेल्या शिल्पांत त्यांना रस नाही.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा वकिलांइतकंच बारकाईने ती काकांनी वाचली. निदान कलम ३०३ तरी. चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा मालाची किंमत त्याने परत केलेली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. काकांचा दिवसभर चहा गोड लागेना. "समाजसेवा म्हणजे काय करायला लावतील? झाडांना पाणी घालायला! म्हणजे पुन्हा फाटकातूनच आत!" वर अशी चोरी अदखलपात्र. काकांनी लगेच वेल्डिंगवाल्याकडून त्याच मापाच्या नव्या फाटकाचं पाच हजारांच्या बरंच वरचं कोटेशन लिहून घेतलं, त्याला प्लॅस्टिकचं आवरण घातलं आणि ते पाकिटात आधारकार्डाच्या मागे ठेवलं. चोरी झालीच तर ती दखलपात्र व्हावी, एवढीच त्यांची इच्छा.

कॅमेऱ्याचं प्रकरण लवकर आटपलं. फाटकावर नजर ठेवायला कॅमेरा बसवला. कॅमेरा कोणी नेऊ नये म्हणून त्याच्याभोवती लोखंडी जाळी बसवली. आता मोबाइलवर रात्रंदिवस ती जाळी दिसते, अगदी स्पष्ट.

काकू या सगळ्याकडे ज्या शांतपणे बघतात त्याला कारण आहे. त्यांचं माहेर नेवासे तालुक्यातलं, शनिशिंगणापूरच्या जवळ. ज्या गावात घरांना चौकटी आहेत पण दारं नाहीत, जिथे युको बँकेने २०११ साली शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची, त्या गावाच्या शेजारी वाढलेल्या बाईला रात्री अकरा वाजता तीन किल्ल्या मोजून दाखवणारा नवरा मिळाला. "आमच्याकडे शनिदेव बघून घेतात," असं त्या एकदा म्हणाल्या. काका म्हणाले, "तिथे शनी आहे. इथे मी आहे." काकू म्हणाल्या, "तेच म्हणतेय मी."

पाहुण्यांचे हाल मात्र खरे. आत यायचं तर आधी फोन करायचा. मग काका येणार, वरचं कुलूप, खालचं कुलूप, मग साखळी, आणि प्रत्येक टप्प्याला थोडी माहिती. दिवाळीचा फराळ बाहेरच्या बाहेर डब्यांतून जातो. गणपतीच्या वर्गणीची पोरं गजांमधूनच पावती आत सरकवतात. फाटकावरची पाटी सांगते : "या फाटकात वीज सोडलेली नाही. मालक सोडलेला आहे." रात्री मांजराने उडी मारली तरी झडपेला बांधलेली घंटा वाजते आणि माकडटोपी घातलेले काका टॉर्च घेऊन बाहेर येतात. खरं सांगायचं तर चोर आलाच नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटत असावं. इतकी तयारी, आणि समोरच्या पक्षाला त्याचं काहीच नाही.

शेवटी फाटकाला नेलं ते चोराने नाही, गंजाने. बागेला पाणी घालून घालून खालची पट्टी पार खाल्ली गेली होती. नवं फाटक केलं. जुनं काढताना उलट्या खुंटीने आणि वेल्ड केलेल्या वॉशरने इतकी दाद दिली नाही की वेल्डिंगवाल्याचा अर्धा दिवस ग्राइंडर चालवण्यात गेला. त्याने मजुरी वाढवून मागितली आणि काकांनी आनंदाने दिली.

इथे मागची एक गोष्ट सांगायला हवी. काकांनी पंचने ठोकून फाटकावर एक गुप्त क्रमांक घातला होता, त्यांच्या पेन्शनच्या आदेशातले शेवटचे चार आकडे. क्रमांक नसला की काय होतं, याचा दाखलाही तयार होता. १८४२ साली लॉर्ड एलनबरोने सोमनाथाचे म्हणून गझनीहून वाजतगाजत दरवाजे आणवले. ते निघाले देवदाराचे, सोमनाथाशी संबंध नसलेले, आणि आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. "नंबर घातला असता तर ही वेळ आली असती का?" मग आसपासच्या सगळ्या भंगाराच्या दुकानांत काकांनी एक छापील पत्रक वाटलं : या क्रमांकाचं फाटक कोणी विकायला आणल्यास त्यास संशय येऊ न देता खालील मोबाइलवर कळवावे.

जुनं फाटक विकायला निघालो तेव्हा टेम्पोत झडप धरायला त्यांनी मला बरोबर घेतलं. नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून नदीकडच्या दुकानात गेलो. काट्यावर एक नवा पोरगा होता. वजन करण्याआधी त्याने गजावरचा आकडा बघितला, भिंतीवर चिकटवलेलं पत्रक बघितलं, मग आमच्याकडे बघून फार गोड हसला. "बसा ना काका, घाई काय? चहा सांगतो," म्हणाला आणि दुकानाच्या मागे गेला.

काकांच्या खिशातला फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा उजळला की मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी फोनवर हात धरला आणि आवाज एकदम खाली आणला.

"शाब्बास पोरा! किती जण आहेत? दोघे? म्हातारा दिसतो त्याच्यावर नीट लक्ष ठेव, असेच लोक डेंजर असतात. चहात गुंतवून ठेव त्यांना. मी आलोच."