पान सापडलं नाही

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत "कॉम्प्युटरमधलं कुणाला कळतं?" असा प्रश्न आला आणि नेमका तेव्हाच मी चहावाल्याला हात केला. कोथरूडमधल्या आमच्या ४८ फ्लॅटांना वेबसाइट मिळाली ती अशी.

पहिली मागणी खजिनदारांची. थकबाकीदारांची यादी साइटवर टाका. पण ती सभासदांना दिसली पाहिजे, भाडेकरूंना दिसता कामा नये. मालक मेंटेनन्स बुडवतो हे भाडेकरूला कळलं तर तो भाडं वेळेवर का देईल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. दोन प्रकारची माणसं, दोन मिनिटांचं काम, असं मी म्हणून बसलो.

सभासद म्हणजे कोण, इथेच पहिली ठेच लागली. सहकार कायद्यात साध्या सभासदाखेरीज सहयोगी सभासद असतो, नाममात्र सभासद असतो. बी विंगमधल्या आजोबांच्या नावावर फ्लॅट आहे, मेंटेनन्स न्यू जर्सीतला मुलगा भरतो आणि भांडायला सून येते. पासवर्ड द्यायचा कुणाला? आजोबांना ईमेल नाही. सुनेला आहे, पण तिला दिला तर आजोबा बोलायचे बंद होतील. यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या. दुसरीत बटाटेवडे होते, म्हणून ती लांबली.

वर्डप्रेसमध्ये माणसं बसवायला पाच पायऱ्या तयार मिळतात. सगळ्यात वर ॲडमिनिस्ट्रेटर, सगळ्यात खाली सब्स्क्रायबर. चेअरमन म्हणाले, "मी ॲडमिनिस्ट्रेटरच ना?" मी म्हटलं, "साहेब, तो अख्खी साइट पुसू शकतो." खोलीत शांतता पसरली. गेल्या वर्षी चेअरमननी टाकीचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं 'दुरुस्त' केला होता, हे सगळ्यांना एकदम आठवलं असावं. शेवटी त्यांना एडिटर केलं आणि तोंडी 'मुख्य एडिटर' म्हणायचं ठरलं.

यादीचं पान मी 'प्रायव्हेट' केलं. असं पान परक्यानं उघडलं की वर्डप्रेस त्याला '४०४, पान सापडलं नाही' असं सांगतं. खरं तर मनाईसाठी ४०३ हा वेगळा आकडा आहे. ४०३ म्हणजे "साहेब घरात आहेत, पण भेटणार नाहीत." ४०४ म्हणजे बाल्कनीत उभं राहून साहेबांनी स्वतःच ओरडायचं, "साहेब घरात नाहीत!" खजिनदारांना ही कल्पना इतकी आवडली, की वर्गणीवाले आले की ते हल्ली आतूनच "चारशे चार" म्हणतात.

एक मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. सभासदांना मी सब्स्क्रायबर केलं होतं, आणि प्रायव्हेट पान सब्स्क्रायबरलाही दिसत नाही, ते दिसतं एडिटरपासून वर. मी आळशी माणूस. रात्री बसून पासवर्ड दिलेल्या सगळ्यांना एडिटर करून टाकलं. सकाळी बघतो तर सोसायटीत एकही थकबाकीदार शिल्लक नव्हता. एडिटरला कुठलंही पान बदलता येतं; ज्यानं त्यानं आपापलं नाव खोडलं होतं. इतकी तत्पर वसुली सहकार खात्यालाही जमलेली नसेल.

सुदैवानं वर्डप्रेस पानाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं, आणि कोणता बदल कुणी, किती वाजता केला तेही. पहिलं नाव रात्री ११ वाजून ४ मिनिटांनी गेलं होतं. कुणी काढलं ते मी सांगणार नाही. चेअरमननी मात्र त्या दिवशी मला घरी बोलावून चहा पाजला.

मग मी शहाणा झालो. सगळ्यांना खाली उतरवलं, प्लगइन टाकून फक्त वाचण्याची परवानगी दिली आणि यादी पीडीएफ करून त्या पानाला जोडली. आठ दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या मुलीनं गूगलवर सोसायटीचं नाव टाकलं. आधी यादी आली, मग आमचा पत्ता. कुलूप पानाला होतं. पीडीएफ वेगळ्याच फोल्डरमध्ये, वर्ष आणि महिन्याच्या हिशेबानं, उघडी पडली होती. लिंक असेल त्यानं घ्यावी.

"रोबॉट्स डॉट टीएक्सटी लावा," असं एका इंजिनिअर सभासदानं सुचवलं. ही सोय १९९४ पासूनची. साइटवर फिरणाऱ्या यंत्रांनी कुठे जाऊ नये ते तिच्यात लिहायचं. पण ती नुसती विनंती, आणि फाइल कुणालाही वाचता येते. म्हणजे 'कृपया डावीकडच्या कपाटात डोकावू नये' अशी पाटी. पुण्यात राहून पाटीवर भरवसा ठेवण्याइतका मी भोळा नाही.

पीडीएफ काढली. यादी आता पुन्हा लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागते. फळ्याला काच आहे, कुलूप आहे, किल्ली वॉचमनकडे असते. या महिन्यात सातवं नाव माझं आहे. होस्टिंगचे पैसे मी खिशातून भरलेत. ते सोसायटीकडून मिळाले की मेंटेनन्स भरतो.