आवाज येतोय का?

साउंडबारचा लांबुळका खोका लिफ्टमधून वर गेला, की ती बातमी सोसायटीत दोघांना सगळ्यात आधी कळते. एक वॉचमन, कारण डिलिव्हरीवाल्याची नोंद त्याने केलेली असते. दुसरे साउंडकाका. त्यांना कोण सांगतं ते आजवर बाहेर आलेलं नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास बेल वाजते. दारात काका. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, हातात वेटोळं केलेली वायर. "सहज आलो होतो," ते म्हणतात. हातात वायर घेऊन सहज कोणी येत नाही. पण दारातल्या पहिल्याच वाक्यावर वाद घालू नये, एवढं पथ्य पुण्यातसुद्धा पाळतात.

"जोडला का?"

"अजून खोकाच उघडलेला नाही, काका."

हे ऐकून त्यांना जे समाधान होतं ते पाहण्यासारखं असतं. उलट "जोडला आणि मस्त चालतोय" असं कोणी म्हणालं, तर ते उंबऱ्यातच थबकतात. "पहिल्या फटक्यात?" असं दोनदा विचारतात, आत डोकावून जरा कान देतात आणि चहा न घेता जातात. काकांचं आवाजावर प्रेम आहे असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा. त्यांचं प्रेम बिघाडावर. चालणाऱ्या वस्तूकडे बघून त्यांना जांभई येते.

साउंडकाका बहुतेक टेलिफोन खात्यातून, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले असतात. बँकेतले निघतात अधूनमधून, पण ते पुस्तकी, मॅन्युअल वाचतात. खरा साउंडकाका मॅन्युअल वाचत नाही. त्याचं शिक्षण गच्चीवर झालेलं. 1972 साली गांधीजयंतीला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या गच्च्यांवर सिंहगडाकडे तोंड करून अँटेना उभ्या राहिल्या. वाऱ्याने वाकडी झालेली अँटेना फिरवायला जो पोरगा वर चढायचा, तो हाच. वरून तो ओरडायचा, "आलं का?" खालून अख्खा वाडा ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" आलेलं पाहायला तो खाली नसायचाच, त्याच्या वाट्याला सगळं 'गेलं'च यायचं, आणि त्याचीच त्याला गोडी लागली. मग तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून त्याने ॲम्प्लिफायर जोडले, कॅसेट प्लेयरची हेडं स्पिरिटने पुसली, गणपतीत मंडळाचे कर्णे झाडांना बांधले. त्या काळी बिघाडाला जागा असायची. सुटलेलं सोल्डर डोळ्यांना दिसायचं, जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास यायचा, सैल पिन बोटाला लागायची. बिघाड शोधला की सापडायचा, आणि मुख्य म्हणजे चारचौघांना दाखवता यायचा.

साउंडबारचा बिघाड असा दाखवता येत नाही, तिथे काकांचं घोडं अडतं. हल्लीचा बिघाड वायरीत नसतो, मेन्यूत असतो. आणि काकांना मेन्यू मान्य नाही. "मेन्यू हॉटेलात," असं म्हणून ते टीव्हीच्या मागे जातात.

मागे जाणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. टीव्ही भिंतीला ठोकलेला, मध्ये दोन बोटं फट. टीव्ही जितका पातळ, तितका त्याच्या पोटातला स्पीकर बारका. त्यातून त्या स्पीकरचं तोंड आपल्याकडे नसतंच, खाली जमिनीकडे नाहीतर मागे भिंतीकडे. म्हणून तर साउंडबार आणावा लागतो. पन्नास हजारांचा टीव्ही घ्यायचा, आणि मालिकेतली सासू काय पुटपुटली ते कळावं म्हणून वर आणखी दहा-पंधरा हजार मोजायचे, या व्यवहाराबद्दल काका जे बोलतात ते इथे छापता येणार नाही, पण मला पटतं. तर त्या फटीत एचडीएमआयची तीन भोकं असतात, अगदी एकसारखी. त्यातल्या एकाच भोकाशेजारी 'एआरसी' लिहिलेलं असतं, तेही काळ्या प्लॅस्टिकवर काळ्याच उठावाच्या अक्षरांत. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला मोबाइलची बॅटरी दातात धरून एकदा ते वाचायला लावलं पाहिजे.

"आवाज टीव्हीच्या आत येतो तो तिन्ही भोकांतून," काका फटीतूनच व्याख्यान देतात. "परत बाहेर जातो तो एकाच भोकातून. 2009 साली आली ही सोय, एचडीएमआय एक पॉइंट चारमध्ये. 2017 साली तीच सुधारून ई-एआरसी केली." सालं तोंडपाठ. भोक मात्र ते बोटाने चाचपून ठरवतात, आणि पहिल्यांदा हमखास शेजारचं निघतं. हाताला ओरखडा येतो. वहिनी हळदीचा डबा घेऊन धावतात. काकांना तो ओरखडा आवडतो. त्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटत नाही.

शेवटी वायर योग्य भोकात बसते. साउंडबारचा दिवा लागतो. सगळं घर सोफ्यावर ओळीने बसलेलं. बातम्या सुरू होतात. आवाज टीव्हीतूनच येत असतो.

"अर्थिंग," काका म्हणतात.

पोट दुखो, डोकं दुखो, त्रिफळाच सांगणारे वैद्य असतात, तसं काकांचं अर्थिंग. आवाज नाही? अर्थिंग. टीव्ही आणि साउंडबार दोन्हीतून येऊन आवाज घुमतोय? अर्थिंग. (खरं म्हणजे टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करायचे राहिलेले असतात.) बातम्यांच्या चॅनेलला आवाज आहे आणि सिनेमाच्या चॅनेलला नाही? मग तर अर्थिंगच. या शेवटच्या भानगडीचं मूळ असं, की काही चॅनेल आपला आवाज डॉल्बीत बांधून पाठवतात, आणि साउंडबारला ते गाठोडं सोडवता येत नसेल तर तो मख्ख बसून राहतो. टीव्हीच्या मेन्यूत जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम' केलं, की टीव्हीच ते सोडवतो आणि साधा आवाज पुढे देतो. रिमोटच्या पाच-सहा बटणांचं काम. पण त्याला पकड लागत नाही, टेप लागत नाही, स्टुलावर चढावं लागत नाही. मग काकांना त्यात रस का वाटावा?

अर्थिंगचा सिद्धांत अगदीच पोकळ आहे असंही नाही, हे सांगायला हवं. साध्या ऑक्सच्या वायरीने जोडलेल्या साउंडबारमधून कधी कधी जी अखंड घुंऽऽ ऐकू येते, ती बहुधा आपल्या विजेच्या 50 हर्ट्झचीच असते. टीव्ही एका बोर्डावर, साउंडबार दुसऱ्या बोर्डावर, त्यात केबलवाल्याची वायर. जमिनीकडे जायच्या वाटा एकीच्या दोन झाल्या की ती घुंऽऽ सुरू होते. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणलं की बरेचदा जाते किंवा निदान दबते. काकांनी बी विंगमध्ये कुणाकडे तरी ती घालवली होती. तेवढ्या एका यशावर त्यांची प्रॅक्टिस अजून चालू आहे.

घरातला अकरावी सायन्सचा मुलगा या सिद्धांताला एकदाच आव्हान देतो. एचडीएमआयने दाद दिली नाही म्हणून काकांनी ऑप्टिकल केबल काढलेली असते.

"काका, यात वीज नसतेच. यातून उजेड जातो. मग अर्थिंगचा काय संबंध?"

"तोशिबाने काढली ही, 1983 साली, सीडी प्लेयरसाठी," काका म्हणतात. म्हणजे त्यांना माहीत असतं. मग ते क्षणभर थांबतात. "पण उजेड तयार कुठे होतो? टीव्हीत. मग टीव्हीला अर्थिंग नको?"

मुलाला उत्तर सुचत नाही. तो क्लासला निघून जातो. काका केबल भोकात दाबतात. ती बसत नाही. आणखी दाबतात. टीव्ही भिंतीवर कुरकुरतो. एवढा वेळ गप्प बसलेल्या आजी म्हणतात, "अहो, त्याच्या टोकाला ते टोपण आहे ना, ते काढायचं असेल." केबलच्या टोकावर पारदर्शक, नखाएवढं टोपण असतं. काका ते काढतात, खिशात टाकतात आणि म्हणतात, "तेच बघत होतो."

ब्लूटूथचं नाव काकांसमोर काढू नये. "बिनतारी ते बिनबुडाचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाइलाज म्हणून एका संध्याकाळी त्यांनी ते चालू केलं आणि साउंडबार सगळ्यांना उघडा ठेवून ते टीव्ही जोडायच्या खटपटीला लागले. तेवढ्यात तो वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी मोबाइलशी जुळला. पडद्यावर नायिका हुंदके देत होती आणि साउंडबारमधून धीरगंभीर आवाज आला, "श्वास आत घ्या... रोखून धरा..." आजींनी खरोखरच रोखून धरला. सोडायची सूचना यायच्या आत काकांनी प्लग काढला.

वहिनींची अपेक्षा खरं तर साधी असते. टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त व्हावा, दोन रिमोट सांभाळावे लागू नयेत. त्यासाठी सीईसी नावाची सोय चालू असावी लागते. पण मेन्यूत ती त्या नावाने सापडेल तर शपथ. सॅमसंगमध्ये ती एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिम्पलिंक. "चोर नावं बदलून राहतात ते समजू शकतो," काका म्हणतात, "यांना काय झालंय?" इथे मी पूर्णपणे काकांच्या बाजूला आहे. मात्र या रागाच्या भरात ते ती सोय चालू करायचं विसरतात, आणि वहिनी दोन रिमोट रबरबँडने एकत्र बांधून टाकतात.

असं आठवडाभर चालतं. काका रोज येतात. "चहा नको हं वहिनी" याचा अर्थ आलं घालून, हे वहिनींना पाठ झालेलं असतं. टीव्हीखाली पकड, टेप, टेस्टर आणि तीन जातींच्या वायरी यांचा संसार मांडलेला. मालिका टीव्हीच्या मूळच्या पुटपुट्या आवाजात चालू असते. आणि काका हळूहळू तरुण दिसायला लागतात.

शेवटी वहिनी त्यांच्या नकळत टोल-फ्री नंबर फिरवतात. कंपनीचा मुलगा येतो. पाठीला सॅक, एका कानात इयरफोन. त्याला स्टूल नको, चहा नको, बॅटरी नको. तो टीव्ही आणि साउंडबार, दोघांचे प्लग काढतो आणि मोबाइलवर काहीतरी बघत दोन-तीन मिनिटं नुसता उभा राहतो. मग प्लग लावतो. दोन्ही यंत्रांची ओळख नव्याने होते. मग रिमोट घेऊन सेटिंग, साउंड, आउटपुट; 'टीव्ही स्पीकर'च्या जागी 'एचडीएमआय'. खोलीभर आवाज. आजी दचकतात. मुलगा ओटीपी घेतो, "मॅडम, फाइव्ह स्टार द्या" म्हणतो आणि जातो.

त्या संध्याकाळी काका येतात ते रिकाम्या हातांनी.

"चालू झाला म्हणे. काय केलं त्याने?"

"प्लग काढून परत लावला."

"काढून लावला!" काका खुर्चीत बसतात. "म्हणजे का बंद होता ते त्यालाही माहीत नाही."

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही, पण घरात ती ऐकायला कोणी मोकळं नसतं. सासू काय बोलते ते पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येत असतं. काका मान तिरपी करून ऐकतात. खरखर नाही. घुंऽऽ नाही. उठून सबवूफरवर तळहात ठेवतात. तो हवा तेवढाच थरथरतो. परत बसतात. चहा येतो, त्यात आलं नसतं. मालिका संपते, बातम्या लागतात, आणि काका एकदम पुढे सरकतात.

"ओठ बघा."

"कुणाचे?"

"त्या बातम्या देणाऱ्या बाईंचे. शब्द आधी येतोय. ओठ मागून हलताहेत."

सगळे बघतात. काकांचं बरोबर असतं. चित्र सजवायला टीव्ही थोडा वेळ घेतो, तेवढ्यात आवाज पुढे निसटतो. "आवाज मागे पडला तर माणसाला 125 मिलिसेकंदांपर्यंत पत्ता लागत नाही," काका सांगतात, आणि त्यांच्या आवाजात पुन्हा जोर येतो. "कारण आकाशातसुद्धा वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. सवय आहे आपल्याला. पण आवाज आधी आला तर 45लाच खटकतं. आता आजी बसतात तीन मीटरवर. आवाजाला तिथवर पोचायला नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे आजींना इतरांपेक्षा कमी खटकेल."

"मग माझी खुर्ची अजून मागे घ्या," आजी म्हणतात.

"घेता येईल. 45 भरून काढायचे तर पंधरा मीटर."

"पंधरा मीटर म्हणजे जिन्यात."

"जिन्यातच," काका कबूल करतात, आणि कप उचलतात.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात मालिका कोणी ऐकत नाही. सगळे ओठ बघतात. सासूचे बघतात, हवामान सांगणाऱ्याचे बघतात, जाहिरातीत टूथपेस्ट विकणाऱ्या डॉक्टरांचे बघतात. वहिनी त्या मुलाला फोन करतात, तो म्हणतो, "मॅडम, मला तर बरोबर दिसत होतं." सकाळी लिफ्टमध्ये काका भेटतात. दाढी गुळगुळीत, खिशात टेस्टर.

"रविवारी येतो, वहिनी. आवाज मागे ओढायची सोय असते म्हणे त्याच्या मेन्यूत. तोवर कोणी हात लावू नका. आधी अर्थिंग बघून घेऊ."