कडक इस्त्रीची नम्रता

पुण्यात पांढराशुभ्र खादीचा कुडता घालून सकाळी रस्त्यावर उतरलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात: कोण गेलं, आणि कुठल्या वॉर्डातून उभे आहात? मला दोन्ही विचारून झाले, तेही चर्चच्या फाटकाशी पोहोचायच्या आत. पेपरवाल्याने तर पाण्याच्या लाईनीची तक्रारच सांगितली. मी ऐकून घेतली आणि ‘बघतो’ म्हणालो. कुडत्याचा गुण, दुसरं काय.

खरं म्हणजे मी नम्रतेच्या कामगिरीवर निघालो होतो. आमच्या मंडळीच्या तरुण संघाने ‘ख्रिस्ती माणसाचा पेहराव आणि वृत्ती’ या विषयावर माझं भाषण ठेवलं होतं. म्हणजे ठरलेले वक्ते आजारी पडले होते. विषय का निघाला हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाताळच्या उपासनेला गायनमंडळातली एक मुलगी बिनबाह्यांचा ब्लाउज घालून उभी राहिली, आणि त्या नसलेल्या बाह्यांवर अख्खा जानेवारी चर्चा चालली. पाळकसाहेब शहाणे. त्यांनी विषय तरुण संघाकडे ढकलला, तरुण संघाने माझ्याकडे.

तयारीला बसलो तो पंडिता रमाबाईंपासून. पुण्यात साधेपणावर बोलायचं तर ख्रिस्ती माणसाला रमाबाईंना वळसा घालून जाता येत नाही. पांढरं साधं लुगडं, कापलेले केस, केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचा संसार. माझं भाषण तिथेच तयार झालं असतं. पण दुर्दैवाने मी पुढे वाचलं. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथेही बाईंनी साडी सोडली नाही आणि मांसाहाराला हात लावला नाही. क्रूस घालायचा विषय निघाला तेव्हा त्यावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असा वाद त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी घातला. नम्रता म्हणजे मान खाली आणि तोंड बंद, अशी माझी टिपणं होती. ही बाई वेशाने इतकी साधी आणि बिशपापासून शास्त्र्यांपर्यंत कुणापुढे गप्प बसली नाही. हे सगळं तरुण पोरांपुढे सांगावं का, असा विचार करून मी लुगड्यापर्यंतच थांबायचं ठरवलं.

मग वाटलं, नुसतं बोलून काय उपयोग, आपण तसं दिसलंही पाहिजे. कपाटात साधे कपडे भरपूर होते, पण ते नुसतेच जुने होते; साधे दिसत नव्हते. म्हणून कोरेगाव पार्कातल्या एका दुकानात गेलो. तिथे एका दांडीवर दर हातभर अंतराने एकेक कुडता टांगला होता. पांढरा काढला. किंमत पाहिली. तीन हजार दोनशे.

“यात आहे काय एवढं?” मी विचारलं.

“काहीच नाहीये सर,” विक्रेता आदबीने म्हणाला. “म्हणूनच.”

हातकताईचं सूत, भरतकाम नाही, गुंड्या करवंटीच्या. घरी आल्यावर सौ.ने किमतीची चिठ्ठी वाचली. ती लक्ष्मीबाई टिळकांच्या पक्षातली. रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला, हे मी तिला कौतुकाने सांगायला गेलो की ती विचारते, “आणि वाणसामान?” नवऱ्याच्या वैराग्याचा संसार बायकोला कसा चालवावा लागतो ते लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. चिठ्ठी घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली. तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

इस्त्रीवाल्याने विचारलं, “पुढाऱ्यासारखी कडक मारू?” मी नाही म्हणालो नाही.

चर्चमध्ये शिरलो तेव्हा शांतप्रार्थना चालू होती आणि माझा कुडता पापड मोडावा तसा वाजत होता. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगून ठेवलंय की मेजवानीला गेलात तर सर्वांत खालच्या जागी बसा. म्हणजे यजमान येऊन म्हणेल, मित्रा, वर येऊन बस. मी नेहमी चौथ्या बाकावर बसतो. त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसलो आणि यजमानाची वाट पाहू लागलो.

शेवटचं बाक रिकामं असतं हा पुढच्या बाकांवरच्यांचा गैरसमज आहे. तिथे उशिरा येणारे, लवकर जाणारे, रडणारी बाळं आणि मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघणारे काका यांची पक्की वहिवाट असते. एका आजींनी डोक्यावरचा पदर सारखा करत मला सांगितलं, “ही माझी जागा आहे.” मी सरकलो. मग तिथे एक नातू आला. पुन्हा सरकलो. दुसऱ्या गीताच्या वेळी वर्गणीची पिशवी फिरवणारे भाऊ माझ्याकडे बघत थेट येऊ लागले. मी संकोचाने अर्धवट उठलो, ‘नको, नको, इथेच बरं आहे’ असं पुटपुटायची तयारी केली. भाऊ कानाशी वाकून म्हणाले, “जरा सरका, पंख्याचं बटण तुमच्या मागे आहे.”

भाषण उपासनेनंतर हॉलमध्ये. समोर पंचवीसेक तरुण मंडळी आणि, विषय ऐकून मुद्दाम थांबलेल्या, त्यांच्या आया. मी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढला आणि स्त्रियांनी मर्यादेने वेशभूषा करावी इथपर्यंत जोरात वाचलं. ती गायनमंडळातली मुलगी पहिल्याच रांगेत होती. तिने हात वर केला.

“काका, बाह्यांचं कुठे लिहिलंय?”

मी खाली पाहिलं. बाह्या नव्हत्या. केसांची गुंफण होती, सोनं होतं, मोती होते, भारी किमतीचे कपडे होते.

“मग नाताळच्या दिवशी पुढच्या बाकांवर जे पाटल्या-बांगड्यांचं प्रदर्शन होतं, त्यावर का कुणी बोलत नाही?”

मागच्या आयांमध्ये पदर एकाएकी मनगटापर्यंत आले. मी पुढच्या वचनाकडे वळणार, तोच ती म्हणाली, “मागचंही वाचा की काका. आठवं.” आठवं वचन पुरुषांसाठी आहे. राग आणि वाद सोडून प्रार्थना करावी, असं. आमच्या मंडळीच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्यात ते सगळे हसले, म्हणजे सगळेच हसले. आजवर या अध्यायावर मी डझनावारी प्रवचनं ऐकली. पण ‘बंधूंनो, आज तुमच्या वादावादीकडे पाहू’ असं म्हणून कुणी आठव्या वचनाशी थांबलेलं आठवत नाही. मे महिन्यात थ्री-पीस सूट घालून घामाघूम उभ्या राहणाऱ्या नवरदेवालाही कुणी मर्यादा विचारत नाही. मोजपट्टी निघते ती पोरींसाठीच, आणि ती धरायला माझ्यासारखे बदली वक्ते मिळतात.

हे सगळं मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी कुडत्याची बाही सावरत होतो. ते पाहून एका मुलाने विचारलं, “काका, कुडता भारी आहे. कितीला पडला?”

मी म्हणालो, “अरे, साधाच आहे.”

“तीन हजार दोनशे,” मागून सौ. म्हणाली, आणि पर्समधून चिठ्ठी काढली.

पुढचं भाषण छोटं झालं. रमाबाईंची क्रूसाची गोष्ट शेवटी सांगूनच टाकली, आणि तेवढीच काय ती मुलांनी वहीत लिहून घेतली. नंतर चहा होता. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये 1890 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांनी मिशनऱ्यांचा चहा घेतला तो गोपाळराव जोशांनी छापून आणला आणि अख्ख्या पुण्यात गाजला. शेवटी प्रायश्चित्तावर मिटला. माझा चहा त्याच आजींच्या नातवाने धक्का दिल्यामुळे थेट छातीवर सांडला. हातकताईच्या सुतावरचा चहाचा डाग प्रायश्चित्ताने जात नाही. लिंबाने जातो असं कुणी सांगितलं. तो पिवळा झाला.

एवढं होऊनही मार्चच्या वार्षिक सभेत कुणीतरी समितीसाठी माझं नाव सुचवलं. आपल्याकडे कुठल्याही पदाला, आणि दुसऱ्या पोळीलाही, दोनदा नको म्हणायची रीत आहे. तिसऱ्यांदा आग्रह होतो आणि मग नाइलाज. मी उठून हात जोडले आणि पहिलं ‘नको’ म्हणालो.

अध्यक्ष म्हणाले, “नम्रतेवर भाषण दिलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या शब्दाचा मान राखू.” आणि पुढचं नाव घेतलं. ते गृहस्थ पहिल्या हाकेलाच “हो” म्हणाले. त्यानंतर मांडववाल्याच्या बिलावरून आठव्या वचनाचा साग्रसंगीत भंग झाला, आणि माझं उरलेलं एक ‘नको’ कुणाला ऐकूच गेलं नाही.

इतिवृत्तात माझा नकार एका ओळीत आला आहे. सेक्रेटरींना गाठून मी त्यात ‘नम्रपणे’ हा शब्द घालून घेतला. पुढच्या सभेत वाचताना त्यांनी नेमका तोच गाळला.