तीन कुंड्या, एक तंबू आणि चिमूटभर बदनामी

शिव शिव शिव! काय काय ऐकायची पाळी आली! (या विषयात ‘शिव शिव’ म्हणणं म्हणजे ज्याच्यावर संशय त्यालाच साक्षीला बोलावणं, पण तोंडात दुसरं काही येईना.) जर्मनीत, हो हो, त्या जर्मनीत, जिथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी दार वाजवतात, तिथे चांगली पगारदार, पेन्शनर, कर वेळेवर भरणारी माणसं म्हणे घरात गांजा लावताहेत! आणि लपूनछपून नाही. चक्क कायद्याने!

तारीखही बघा कोणती निवडली: १ एप्रिल २०२४. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, थट्टाच असणार. पण फेब्रुवारीत बुंडेस्टागने कायदा मंजूर केला होता, आणि तो रेटून नेणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख हे स्वतः डॉक्टर. आता अठरा वर्षांवरच्या माणसाला घरी तीन झाडं, कपाटात पन्नास ग्रॅम आणि बाहेर पडताना खिशात पंचवीस ग्रॅम. घरात नवरा-बायको दोघं असतील तर कुंड्या सहा. संसाराचे असेही फायदे असतात म्हणायचे!

आता खरी खमंग गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एक काकू मुलाकडे म्युनिकला जाऊन आल्या. नाव विचारू नका, त्यांच्या मुलाला अजून तिथेच राहायचंय. मुलाच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, गणिताचे निवृत्त शिक्षक. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा, जिन्यात भेटले की मान लववून नमस्कार. एकदा त्यांनी काकूंना कॉफीला बोलावलं आणि म्हणाले, ‘माझी झाडं बघणार?’ काकूंना वाटलं, गुलाब असतील. पाहतात तर पुस्तकांच्या खोलीत एक काळा तंबू! दोन हात रुंद, पुरुषभर उंच, पुढे चेन लावलेली. आजोबांनी चेन खाली ओढली आणि आतला लख्ख पांढरा उजेड काकूंच्या चष्म्यावर आदळला. आतून सगळं चंदेरी अस्तर, वर दिवा, कोपऱ्यात मान हलवणारा चिमुकला पंखा, एका काठीला टांगलेलं तापमान आणि दमटपणा दाखवणारं यंत्र. आणि मधोमध तीन कुंड्या. पानं सात-सात बोटांची, वाऱ्यावर हलणारी. चेन उघडायचा अवकाश, असा काही उग्र वास आला की काकूंनी पदर नाकाला लावला. एरवी तो वास कोळशाच्या फिल्टरमध्ये अडतो म्हणे, कारण शेजाऱ्यांना त्रास होऊ द्यायचा नाही. मुलांच्या हाती काही लागू नये म्हणून खोलीला कुलूप, ते तर कायद्यानेच.

बरं, हे सगळं स्वस्तात बसवलेलं. जर्मन माणूस गांजेकस झाला तरी काटकसर सोडायचा नाही! तंबू जुन्या वस्तूंच्या साइटवरून, कुणाचा तरी उत्साह ओसरला म्हणून अर्ध्या किमतीत मिळालेला. पंखा मुलीच्या जुन्या खोलीतला. कुंड्या तळघरातल्या. दिवा मात्र नवा, शंभर वॉटचा, आणि त्याच्याच पायी घरात भांडण. कारण झाड लहान असताना तो रोज अठरा तास जळतो. म्हणजे दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. तिथे वीज युनिटला चाळीस सेंटच्या आसपास, म्हणजे महिन्याला वीस-बावीस युरो निव्वळ दिव्याचे. आजीबाईंनी म्हणे मीटरजवळ उभं राहून हिशेब केला आणि आजोबांना जेवताना वाचून दाखवला.

आणि त्या झाडांचे लाड! अधिकमासात घरी आलेल्या जावयाचेही कुणी इतके करत नसेल. पाण्याचा आंबटपणा मोजायचा, पानाचं टोक पिवळं पडलं की कपाळाला आठ्या, फुलं यायची वेळ झाली की बरोबर बारा तास मिट्ट काळोख. त्या काळोखात कुणी चेन उघडली तर आजोबांचा आवाज चढतो. चाळीस वर्षं वर्गात कधी चढला नाही म्हणतात! शेजारी नोंदवही: तारीख, उंची, पाणी, शेरा. पट्टीने आखलेले रकाने.

पुढचं ऐकाल तर कानात बोटं घालाल. यात नर झाडांना घरात थारा नाही! नर दिसला की उपटून बाहेर, नाहीतर माद्यांना बी धरतं आणि मालाची किंमत जाते. म्हणून बाजारात फक्त माद्याच निघतील असं बी मिळतं. काकू म्हणाल्या, ‘अगं बाई, आपल्याकडे उलटं असतं.’ तशी ही युक्ती काही जर्मनांची नव्हे बरं का. इंग्रजांच्या राज्यात बंगालमधल्या नौगावला, जे आता बांगलादेशात आहे, नर झाडं ओळखून काढायला खास जाणकार माणूस बोलवायचे. त्याला म्हणायचे पोद्दार, आणि साहेबलोक म्हणायचे ‘गांजाचा डॉक्टर’. ज्ञान आमचं, तंबू त्यांचा!

पण थांबा, कायद्याची गंमत पुढेच आहे. घरी पिकलेला माल फक्त स्वतःपुरता. दुसऱ्याला द्यायचा नाही. विकायचा नाही हे समजलं, पण फुकटही द्यायचा नाही! मित्राला नाही, जावयाला नाही. तीन झाडं जोमाने आली आणि वाळवलेला माल पन्नास ग्रॅमच्या वर भरला, तर वरचा नष्ट करायचा. पन्नास ते साठमध्ये दंड, साठच्या पुढे गुन्हा. म्हणजे पीक आलं नाही तर दुःख आणि जास्त आलं तर पोलीस. आपल्या कांदेवाल्यांना हे सांगा, ते म्हणतील, यात नवीन काय?

झाड लावायचा कंटाळा असेल त्यांनी क्लबात जावं. जुलै २०२४ पासून तेही सुरू. जास्तीत जास्त पाचशे सभासद, सगळ्यांनी मशागतीला हातभार लावायचा आणि व्यसन लागू नये हे बघायला एक जबाबदार माणूस नेमायचा. आणि त्या क्लबात बसून ओढायचं मात्र नाही! दारापासून दृष्टीच्या टप्प्यातही नाही. चहा न मिळणारा कट्टा आम्ही पुण्यात पाहिला नव्हता, तो जर्मनांनी काढून दाखवला. बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर यांचा तर या सगळ्यालाच विरोध. त्यांच्या राज्यात बिअर गार्डनमध्ये आणि ऑक्टोबरफेस्टमध्ये गांजा ओढायला बंदी. शेजारी एक-एक लिटरचे मग सकाळपासून रिचवणाऱ्यांना मात्र आशीर्वाद.

काकूंना वाटलं, आपणही मुलाच्या बाल्कनीत एक कुंडी... नुसतं म्हणून बघितलं हो! पण ही मुभा तिथे राहणाऱ्यांना. नव्वद दिवसांच्या व्हिसावर नातवंडांना सांभाळायला गेलेल्या आईबापांना नाही. आणि मुलगा? तो तिथला रहिवासी खरा, पण खिशात भारतीय पासपोर्ट. आपला १९८५चा अमली पदार्थांचा कायदा स्वच्छ म्हणतो की तो देशाबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. म्हणजे वरच्या मजल्यावर छंद आणि खालच्या मजल्यावर कलमं! मुलगा आईला कॉफीहून खाली आणायला धावला तो उगाच नाही.

इकडे तर विचारूच नका. उसात, तुरीत, हळदीत गांजा सापडल्याची बातमी पेपरात येतच असते. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. आणि आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, एकेकाळी मुंबई इलाख्यात परवान्याच्या गांजासाठी प्रसिद्ध! १८९३-९४ साली सरकारने आयोग नेमून शेकडो साक्षी घेतल्या, जाडजूड अहवाल छापला आणि निष्कर्ष काढला की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, सरसकट बंदी नको. आता हा परदेशी थाटाचा, दिव्याखाली वाढवलेला माल बँकॉकहून बॅगांत भरून येतो आणि मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाले तो धरतात. नगरचा गेला, बँकॉकचा आला. काळ बदलला हो!

बरं, मुख्य प्रश्न राहिलाच. आजोबा ओढतात का? काकूंनी धीर करून विचारलं. तर म्हणे, रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मनाई केली आहे. एकदा चाखून पाहिला, झोप आली, बस. आता दुसरं पीक लावलंय, कारण पहिल्या वेळी पानं पिवळी पडली होती ते गणित सुटायचंय! घ्या. साधूच्या चिलमीतली, शिमग्याच्या सोंगातली, आईबापांच्या झोपा उडवणारी ही वनस्पती, आणि तिची पेन्शनरच्या वहीत आकडेमोड झाली. खरं व्यसन तर दिव्याचं, वहीचं आणि शेजाऱ्याच्या झाडाहून आपलं दोन बोटं उंच असण्याचं. याची बदनामी तरी कशी करायची? आम्ही किती आशेने जमलो होतो!

निघताना काकूंना राहवलं नाही. पिवळं पान पाहून त्यांनी सल्ला दिलाच, ‘आंबट ताक घाला थोडं, माझ्या कढीपत्त्याला लागू पडतं.’ आजोबांनी तो वहीत लिहून घेतला. जिन्यात मुलाने सगळे नियम समजावले, तशा त्या थबकल्या. म्हणाल्या, ‘एवढं दिवसरात्र राबायचं आणि शेजारणीला चिमूटभर द्यायचं नाही? त्यांना सांग, त्यापेक्षा मेथी लावा म्हणावं.’